सिबिसिडॉयडीस: खोल समुद्रातल्या एका फोरॅमिनीफेरा वंशाचं वर्गीकरण (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

खोल समुद्राचा गाळ धुऊन, चाळून, वाळवून ट्रेवर पसरला आणि बायनॉक्युलर सूक्ष्मदर्शकाखाली धरला, की एक चपटं, पांढरं, वेटोळ्याचं कवच हमखास दिसतं. पुस्तकं उघडली की त्याच एका कवचाला सिबिसिडीस, सिबिसिडॉयडीस, प्लॅन्युलिना आणि फॉन्टबोटिया अशी चार वंशनावं सापडतात. चारही नावं नावाजलेल्या अभ्यासकांनीच वापरलेली असतात. सूक्ष्मजीवाश्मशास्त्राकडे नव्यानं वळलेले विद्यार्थी इथेच अडतात. त्यांच्याकडून मला पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न आणि त्यांची माझ्या समजुतीप्रमाणे उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

सिबिसिडॉयडीस म्हणजे नेमकं काय?

फोरॅमिनीफेरा (रोजच्या बोलण्यात फोराम) हे एकपेशीय सजीव आहेत. प्राणीही नाहीत आणि वनस्पतीही नाहीत. त्यांच्यातले काही पाण्यात तरंगतात, बाकीचे तळाशी राहतात. सिबिसिडॉयडीस हा तळाशी राहणाऱ्यांतला, कॅल्साइटचं कवच बांधणारा वंश. कवच साधारण पाव ते एक मिलिमीटरचं. पेशी वाढते तसा ती एकेक नवा कप्पा जोडत जाते आणि कप्प्यांची सर्पिल रांग तयार होते. समुद्रतळाचा गाळ म्हणजे अशा कवचांची लाखो वर्षांची साठवण, आणि या साठवणीतल्या सगळ्यात उपयोगी कवचांपैकी काही या वंशाची आहेत.

वंश, प्रजाती, जाती: यातला कोणता शब्द वापरायचा?

मराठीत इथे खरोखर गोंधळ आहे. वर्तमानपत्रं स्पीशीजला 'प्रजाती' म्हणतात, तर काही परिभाषाकोशांत प्रजाती म्हणजे जीनस. या पानावर जीनससाठी 'वंश' आणि स्पीशीजसाठी 'जाती' असे शब्द वापरले आहेत. प्रबंध मराठीत लिहिणार असाल तर पहिल्याच पानावर कोणता शब्द कशासाठी ते सांगून टाका.

सजीवांच्या झाडावर हा वंश कुठे बसतो?

वरच्या पायऱ्यांवर आता फारसा वाद नाही. फोरॅमिनीफेरा हे रायझेरिया या मोठ्या गटात येतात. २०१३ साली पावलोव्स्की, होल्झमान आणि टिश्का यांनी डीएनए आणि कवचाची घडण दोन्ही लक्षात घेऊन वरच्या स्तराची नवी मांडणी केली. तिच्यात अनेक कप्प्यांच्या फोरामांचे ट्युबोथॅलेमिया आणि ग्लोबोथॅलेमिया असे दोन वर्ग केले, आणि एका कप्प्याचे प्रकार वेगळे ठेवले. सिबिसिडॉयडीस ग्लोबोथॅलेमियातल्या रोटॅलिडा या गणात येतो.

अडचण त्याखाली, कुलापाशी आणि वंशापाशी सुरू होते.

सिबिसिडीस आणि सिबिसिडॉयडीस यांत फरक काय?

पाठ्यपुस्तकातलं उत्तर असं: सिबिसिडीसची एक बाजू सपाट आणि दुसरी फुगीर असते, सिबिसिडॉयडीस दोन्ही बाजूंनी फुगीर असतो. सिबिसिडीस आपल्या सपाट बाजूनं शिंपल्याला, दगडाला किंवा शेवाळाला चिकटून राहतो. ही सपाट बाजू सर्पिलाची, म्हणजे सगळी वेटोळी जिथून दिसतात ती बाजू.

पण हे उत्तर अपुरं आहे. वंशाचं नाव एखाद्या वर्णनाला नाही, एका ठरावीक जातीला बांधलेलं असतं. तिला प्ररूप जाती म्हणतात. वंशाची व्याख्या उद्या कितीही बदलली, तरी प्ररूप जाती जिथे जाईल तिथे ते नाव जातं. त्यामुळे आधी दोन्ही वंशांच्या प्ररूप जाती माहीत हव्यात.

सिबिसिडीस हे नाव पिएर दनी द माँफोर यांनी १८०८ मध्ये दिलं. प्ररूप जाती सिबिसिडीस रेफुल्जेन्स. त्या काळी फोराम म्हणजे इवलेसे मृदुकाय प्राणी, अशीच समजूत होती. पुढे दॉर्बिन्यींनी १८२६ मध्ये फोरामांना वेगळं नाव दिलं, पण तेही त्यांना माकूळ-नॉटिलसच्या गटातलेच मानत होते. हे एकपेशीय सजीव आहेत हे १८३५ मध्ये द्युजार्दँ यांनी दाखवून दिलं. एकोणिसाव्या शतकातले अभ्यासक सिबिसिडीसऐवजी दॉर्बिन्यींचं 'ट्रंकॅट्युलिना' हे नाव वापरत. दोन्ही नावं एकाच वंशाची आहेत असं ठरल्यावर अग्रक्रमाच्या नियमानं जुनं, १८०८ चं नाव टिकलं. जुन्या अहवालात ट्रंकॅट्युलिना दिसलं की ही गोष्ट आठवा.

सिबिसिडॉयडीसचा जन्म जरा अडखळत झाला. ब्रोट्झेन यांनी १९३६ मध्ये हे नाव वापरलं, पण प्ररूप जाती नेमली नाही. १९३० नंतरच्या वंशनावांसाठी प्ररूप जाती नेमणं प्राणिनामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेनं बंधनकारक केलं आहे, त्यामुळे ते नाव वैध ठरलं नाही. १९३९ मध्ये हान्स थालमान यांनी 'ट्रंकॅट्युलिना मुंडुला' ही प्ररूप जाती नेमून नाव पक्कं केलं. म्हणून वंशापुढे थालमान, १९३९ असं लिहितात. ही मुंडुला ब्रेडी, पार्कर आणि जोन्स यांनी १८८८ मध्ये ब्राझीलजवळच्या अब्रोल्योस उथळ्यावरून वर्णिली होती. लोब्लिच आणि टॅपन या अभ्यासक दांपत्यानं १९५५ मध्ये तिचे मूळ नमुने पुन्हा तपासले आणि चित्रित केले. मुंडुला दोन्ही बाजूंनी फुगीर आहे, आणि 'सिबिसिडॉयडीस म्हणजे द्विफुगीर' ही ओळख तिच्यावरूनच आली.

मग प्लॅन्युलिना, फॉन्टबोटिया आणि हेटेरोलेपा कुठून आले?

एकेका अभ्यासकानं एकेका लक्षणाला जास्त वजन दिलं, त्यातून.

प्लॅन्युलिना दॉर्बिन्यींचा, १८२६ चा. त्याची प्ररूप जाती प्लॅन्युलिना अरिमिनेन्सिस, म्हणजे इटलीतल्या रिमिनीची. ती अतिशय चपटी आहे आणि दोन्ही बाजूंनी वेटोळी बरीचशी उघडी दिसतात. व्युलरस्टॉर्फी या जातीचं कवचही (सुरुवातीला सांगितलेलं चार वंशनावांचं कवच ते हेच) चपटं, म्हणून काहींनी तिला इथे बसवलं. व्हान मॉरखोव्हेन, बर्गरेन आणि एडवर्ड्स यांच्या १९८६ च्या खोल समुद्री फोरामांवरच्या मोठ्या ग्रंथात ती प्लॅन्युलिना म्हणूनच आहे.

फॉन्टबोटिया गोन्झालेझ-डोनोसो आणि लिनारेस यांनी १९७० मध्ये काढला, आणि त्याची प्ररूप जाती व्युलरस्टॉर्फीच. त्यामुळे कुणी म्हटलं की ही जाती सिबिसिडीस, सिबिसिडॉयडीस किंवा प्लॅन्युलिना यांपैकी कशातच बसत नाही, तर तिच्यासाठी नाव तयार आहे.

हेटेरोलेपा १८८४ चा, फ्रान्झेनाउ यांचा. त्याला वेगळं ठेवण्याचं मुख्य कारण कवचाच्या भिंतीची घडण.

भिंतीच्या घडणीवर वंश का वेगळे केले? आणि ते टिकलं का?

कवचाचा तुकडा ध्रुवित प्रकाशात पाहिला की काही भिंतींत स्फटिक पृष्ठभागाशी काटकोनात ओळीनं उभे दिसतात. त्यांना अरीय भिंती म्हणतात. काहींत ठिपके-ठिपके दिसतात, त्या कणमय. विसाव्या शतकाच्या मध्यावर हा फरक फार मूलभूत मानला गेला. लोब्लिच आणि टॅपन यांच्या १९८८ च्या महाग्रंथात त्याचा परिणाम स्पष्ट दिसतो: सिबिसिडीस सिबिसिडिडी कुलात, सिबिसिडॉयडीस पॅरेलॉइडिडी कुलात, प्लॅन्युलिना प्लॅन्युलिनिडी कुलात आणि हेटेरोलेपा हेटेरोलेपिडी कुलात. ट्रेवर शेजारी ठेवली तर नवख्याला एकसारखी वाटतील अशी ही कवचं, पण त्यातले काही वंश चक्क वेगवेगळ्या अधिकुलांत, म्हणजे कुलाच्या वरच्या पायरीवरच्या गटांत, गेले!

इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली भिंती पाहायला लागल्यावर हा आधार डळमळला. ध्रुवित प्रकाशात जे दिसतं ते स्फटिक कोणत्या दिशेला कललेले आहेत यावर ठरतं, आणि जवळच्या नात्यातल्या जातींतही तो कल बदलू शकतो. आजचे बहुतेक अभ्यासक फक्त भिंतीवरून वंश वेगळा करत नाहीत. माझ्या मते १९८८ ची मांडणी या गटापुरती इतिहास म्हणून वाचावी. त्या ग्रंथातली चित्रं आणि प्ररूप जातींची माहिती मात्र आजही हाताशी हवी.

व्युलरस्टॉर्फी हे नाव कुणाचं? आणि तिचा भारताशी काय संबंध?

हा माझा आवडता प्रश्न. या जातीचं मूळ वर्णन ज्या नमुन्यांवरून झालं ते आपल्या कार निकोबार बेटावरचे आहेत.

ऑस्ट्रियाचं 'नोव्हारा' हे जहाज १८५७ ते १८५९ या काळात पृथ्वीप्रदक्षिणेला निघालं होतं. मोहिमेचे प्रमुख होते कमोडोर बर्नहार्ड फॉन व्युलरश्टोर्फ-उर्बाइर. १८५८ च्या सुरुवातीला जहाज निकोबारला पोचलं. मोहिमेवरचे भूशास्त्रज्ञ फर्डिनांड फॉन होखश्टेटर यांनी कार निकोबारच्या मातकट खडकांचे नमुने घेतले. ते खडक एके काळी खोल समुद्राचा तळ होते आणि पुढे उचलले जाऊन बेट झाले. नमुन्यांतले फोराम कॉनराड श्वागर यांच्याकडे गेले, आणि मोहिमेच्या अहवालमालेत १८६६ मध्ये त्यांनी त्यांची वर्णनं छापली. त्यात एक होती 'अनोमालिना व्युलरस्टॉर्फी', मोहिमेच्या कमोडोरांच्या नावानं. युव्हिजेरिना या तळाच्या फोरामांच्या दुसऱ्या वंशातल्या युव्हिजेरिना प्रोबोसिडिया आणि युव्हिजेरिना हिस्पिडा याही त्याच लेखातल्या. आज अटलांटिकपासून पॅसिफिकपर्यंत कुठल्याही खोल समुद्राच्या अहवालात ही नावं भेटतात, आणि त्यांची मूळ जागा बंगालच्या उपसागराच्या कडेला आहे.

नंतर हेन्री ब्रेडी यांनी चॅलेंजर मोहिमेच्या (१८७२ ते १८७६) फोरामांवर १८८४ मध्ये अहवाल लिहिला. त्यात हीच जाती ट्रंकॅट्युलिना व्युलरस्टॉर्फी म्हणून जगभरच्या ठिकाणांवरून नोंदली आहे.

श्वागर यांची चित्रं हातानं काढलेली आणि वर्णनं त्या काळच्या पद्धतीची, त्यामुळे त्यांच्या जातींच्या ओळखीवर पुढे मतभेद झाले. ते सोडवायला बनारस हिंदू विद्यापीठातले एम. एस. श्रीनिवासन आणि व्ही. शर्मा पुन्हा कार निकोबारच्या फोरामांकडे वळले. १९८० मध्ये त्यांनी श्वागर यांच्या जातींची सविस्तर फेरतपासणी प्रसिद्ध केली. वर्गीकरणात असं काम सगळ्यात मोलाचं असतं. जगभर वापरलं जाणारं नाव नेमकं कोणत्या कवचाचं, हे मूळ जागेवर जाऊन ठरवावं लागतं. आपल्या विद्यार्थ्यांना हे काम ठाऊकच नसतं, याचं मला दर वर्षी वाईट वाटतं.

नावातली 'यू' आणि 'यूई' ही भानगड काय? आणि 'मुंडुला'चं 'मुंडुलस' कसं झालं?

श्वागर यांनी नाव जर्मन पद्धतीनं, यू या अक्षरावर दोन टिंबं देऊन लिहिलं होतं. प्राणिनामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेत अशी चिन्हं चालत नाहीत. जर्मन शब्दावरून आलेल्या आणि १९८५ पूर्वी छापलेल्या नावात टिंबांच्या यूच्या जागी यू आणि ई अशी दोन रोमन अक्षरं येतात. नुसतं एक यू लिहिणं चूक. शोधताना मात्र दोन्ही रूपं टाकून बघा, कारण जुन्या तक्त्यांत चुकीचं रूपही पडलेलं असतं.

मुंडुलसचं कारण व्याकरणाचं. ट्रंकॅट्युलिना हे स्त्रीलिंगी नाव, म्हणून विशेषण 'मुंडुला'. 'ऑयडीस'नं संपणारी वंशनावं संहितेनुसार पुल्लिंगी धरतात, म्हणून सिबिसिडॉयडीसबरोबर 'मुंडुलस'. व्युलरस्टॉर्फीला हा बदल लागत नाही, ते व्यक्तिनामाचं षष्ठीचं रूप आहे.

जाता जाता कंसाबद्दल. सिबिसिडॉयडीस व्युलरस्टॉर्फी (श्वागर, १८६६) असं लिहिलं, की कंस सांगतो: श्वागर यांनी ही जाती दुसऱ्या वंशात ठेवली होती. कंस गाळला तर अर्थ बदलतो.

डीएनए तपासून हा वाद एकदाचा मिटत का नाही?

काही भाग मिटला, काही मिटणारच नाही.

रायबोसोमच्या (पेशीत प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रणेच्या) लहान उपघटकाच्या जनुकावरून सिबिसिडीसच्या नातेवाइकांची झाडं काढली गेली आहेत. मागाली श्वायझर यांच्यासारख्या अभ्यासकांचं यात महत्त्वाचं काम आहे. कवचाच्या आकारावरून आखलेल्या वंशांच्या सीमा डीएनएच्या झाडाशी नीट जुळत नाहीत, एवढं त्यातून स्पष्ट झालं. सपाट की फुगीर, हे लक्षण फोराम कशावर बसून वाढला यावरही अवलंबून असतं. नायहोल्म यांनी १९६१ मध्ये सिबिसिडीस लोबॅट्युलस या उथळ पाण्यातल्या जातीची वाढ निरखली, आणि एकच जाती किती वेगवेगळ्या आकारांची कवचं बांधू शकते ते दाखवलं.

आता न मिटणारा भाग. या वंशाच्या बऱ्याच जाती नष्ट झालेल्या आहेत. मायोसीन काळातल्या जातीचा डीएनए मिळत नाही, तिचं फक्त कवच मिळतं. म्हणजे जीवाश्मांसाठी आकारावरचं वर्गीकरण लागणारच. डीएनएनं ते सुधारता येईल, पण त्याची जागा घेता येणार नाही.

एक सुंदर निष्कर्ष मात्र डीएनएमुळेच मिळाला. २००७ च्या एका अभ्यासात आर्क्टिक आणि अंटार्क्टिककडच्या नमुन्यांतल्या व्युलरस्टॉर्फी, एपिस्टोमिनेला एक्सिग्वा आणि ओरिडॉरसॅलिस अंबोनॅटस या तीन जाती तपासल्या. १७,००० किलोमीटरपर्यंतच्या अंतरावरही त्यांचे जनुक जवळजवळ सारखे निघाले. कार निकोबारच्या खडकातलं नाव दोन्ही ध्रुवांकडच्या कवचांना निःशंकपणे लावता येतं, याला हा मोठा आधार आहे.

बायनॉक्युलरखाली ओळखायचं कसं?

कवच दोन्ही बाजूंनी आणि कडेनं, असं तिन्ही अंगांनी पाहिल्याशिवाय नाव देऊ नका. ओल्या बारीक ब्रशनं उलटंसुलटं करा. एक थेंब पाणी सोडलं की शिवणी, म्हणजे कप्प्यांमधल्या रेषा, जास्त स्पष्ट दिसतात.

व्युलरस्टॉर्फी ओळखायला सगळ्यात सोपी. सर्पिल बाजू सपाट, तिच्यावर ठसठशीत छिद्रं, आतली वेटोळी उघडी. दुसरी बाजू किंचित फुगीर. कप्पे अरुंद आणि विळ्यासारखे मागे वळलेले. शिवणी जाडसर, काचेसारख्या, वळणदार. कडेला छिद्रं नसलेली धार. मुख, म्हणजे शेवटच्या कप्प्याचं तोंड, कडेजवळ सुरू होऊन सर्पिल बाजूवर, कप्प्याच्या आतल्या कडेनं पुढे जातं, आणि त्याला बारीक ओठ असतो.

मुंडुलस दोन्ही बाजूंनी फुगीर. नाभीच्या बाजूला, म्हणजे सर्पिल बाजूच्या उलट बाजूला, मध्यावर बहुधा पारदर्शक गाठ असते. त्याच्या शेजारी कुलेनबर्गी येतो. त्याचं वर्णन फ्रान्सिस पार्कर यांनी १९५३ मध्ये उत्तर अटलांटिकच्या गाळावरून केलं, आणि पिस्टन कोअरर (समुद्रतळातून गाळाचा लांब गाभा काढणारी नळी) बनवणाऱ्या बोर्ये कुलेनबर्ग यांचं नाव दिलं. काही अभ्यासक कुलेनबर्गीला मुंडुलसचंच दुसरं नाव मानतात, काही वेगळी जाती मानतात. माझा सल्ला: मोजताना दोन्ही वेगळे मोजा. नंतर बेरीज करता येते, एकदा मिसळल्यावर वजाबाकी करता येत नाही.

रॉबर्टसोनियानस आतल्या वेटोळ्यांच्या तपकिरी छटेवरून पटकन सापडतो. पॅकिडर्मा व्युलरस्टॉर्फीपेक्षा कमी खोलीवर, खंडाच्या उतारावर जास्त भेटतो. ब्रॅडी हा लहानखुरा, आणि तो या वंशात ठेवावा की नाही याबद्दलच दुमत आहे.

पिल्लांच्या बाबतीत आग्रह सोडा. लहान कवचांत लक्षणं उमटलेलीच नसतात. १५० मायक्रॉनवरच्या चाळणीतली कवचं पाहूनच सुरुवात करा.

नाव थोडं इकडेतिकडे झालं तर एवढं काय बिघडतं?

पुष्कळ बिघडतं. हा वंश जगाच्या हवामानाचा इतिहास लिहायला वापरतात.

कवचातल्या ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरून (एकाच मूलद्रव्याचे कमी-जास्त वजनाचे अणू) तळाच्या पाण्याचं तापमान आणि जमिनीवर किती बर्फ साठलं होतं याचा अंदाज निघतो. लिसिएकी आणि रेमो यांनी २००५ मध्ये जगभरच्या ५७ नोंदी जोडून गेल्या ५३ लाख वर्षांचा आलेख केला, तो तळाच्या फोरामांवरच. २०२० मध्ये वेस्टरहोल्ड आणि सहकाऱ्यांनी ६.६ कोटी वर्षांपर्यंत मागे जाणारा सलग आलेख दिला. त्याचा कणा सिबिसिडॉयडीस आणि नटॅलिडीस या दोन वंशांच्या कवचांचा आहे.

आता एकाच पाण्यात वाढलेल्या युव्हिजेरिना आणि सिबिसिडॉयडीस यांची ऑक्सिजनची मूल्यं सारखी नसतात. शॅकलटन यांच्या १९७४ च्या कामापासून सिबिसिडॉयडीसच्या मूल्यात ०.६४ प्रति हजार मिळवून ती युव्हिजेरिनाच्या पट्टीवर आणायची रीत पडली. २०१४ च्या एका काटेकोर अभ्यासात हा फरक ०.४७ च्या आसपास निघाला. समतोलाच्या जवळ सिबिसिडॉयडीसच आहे, युव्हिजेरिना नाही, असंही त्यात दिसलं. तापमानात सुमारे ४ अंश सेल्सियसचा फरक पडला तर १ प्रति हजार बदल होतो. यावरून वंश चुकला तर समुद्राचं तापमान किती अंशांनी चुकेल, याचा हिशेब स्वतःच करून बघा.

कार्बनच्या समस्थानिकांची गोष्ट आणखी नाजूक आहे. व्युलरस्टॉर्फी गाळात शिरून राहत नाही. लुट्झे आणि थील यांनी १९८९ मध्ये दाखवलं, की ती गाळाच्या वर उठलेल्या वस्तूंना धरून राहते. म्हणून तिच्या कवचात वाहत्या तळपाण्याचा कार्बन उतरतो, गाळातल्या कुजणाऱ्या पदार्थांचा नाही. अर्थात याला अपवाद आहेत. जिथे वरून एकदम भरपूर मृत प्लवक तळावर साचतं तिथे तिचंही मूल्य खाली येतं, हे माकेन्सेन यांनी १९९३ मध्ये दक्षिण महासागरात दाखवलं. पण मुंडुलस आणि कुलेनबर्गी यांच्यावर तेवढाही भरवसा ठेवता येत नाही. उपअंटार्क्टिक अटलांटिकमधल्या हिमयुगीन गाळात कुलेनबर्गीचं कार्बनमूल्य व्युलरस्टॉर्फीपेक्षा कमी येतं, असं २०१६ मध्ये दिसून आलं. दोघी एकाच बाटलीत गेल्या तर हिमयुगात खोल समुद्राचं अभिसरण मंदावलं होतं असं वाटेल, आणि प्रत्यक्षात तो जाती मिसळल्याचा परिणाम असेल.

बोरॉनचं उदाहरण तर अगदी ढळढळीत. यू आणि एल्डरफील्ड यांनी २००७ मध्ये कवचातलं बोरॉन आणि कॅल्शियम यांचं प्रमाण पाण्यातल्या कार्बोनेटशी जोडलं. कार्बोनेट प्रति किलो १ मायक्रोमोलनं वाढलं, तर व्युलरस्टॉर्फीत हे प्रमाण (प्रति मोल मायक्रोमोलमध्ये) १.१४ नं वाढतं आणि मुंडुलसमध्ये ०.६९ नं. वंश एक मानला तरी पट्टी दोन लागतात. म्हणून मी विद्यार्थ्यांना सांगते: वंशाचं नाव उद्या बदललं तर तुमची मापं बदलणार नाहीत, पण जाती चुकली तर सगळी मापं वाया जातील.

अरबी समुद्रात हा वंश मिळतो का?

मिळतो, पण खोलीचं भान ठेवा. अरबी समुद्रात साधारण १५० ते १,२०० मीटर खोलीदरम्यान ऑक्सिजन फार कमी असलेला पाण्याचा पट्टा आहे. तिथे बोलिव्हिना आणि युव्हिजेरिना यांसारखे कमी ऑक्सिजन सोसणारे वंश बहरतात. व्युलरस्टॉर्फी त्या पट्ट्याखाली, ऑक्सिजन बऱ्यापैकी असलेल्या खोल पाण्यात शोधा. त्यामुळे एखाद्या गाळाच्या गाभ्यात वर-खाली तिचं प्रमाण बदललं, तर तो पट्टा जाड-पातळ झाला असेल का, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे.

२०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय महासागर उत्खनन कार्यक्रमाच्या ३५५ व्या मोहिमेनं अरबी समुद्रातल्या लक्ष्मी खोऱ्यात दोन ठिकाणी गाभे काढले. दोना पावल्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत फोरामांवर दीर्घकाळ काम चाललं आहे. खरगपूरच्या आयआयटीतले अनिल गुप्ता यांनी १९९४ मध्ये हिंदी महासागर आणि तांबड्या समुद्रातल्या तळाच्या खोल समुद्री फोरामांचं वर्गीकरण आणि खोलीनुसार वितरण छापलं. आपल्याकडच्या नमुन्यांसाठी परदेशी चित्रसंग्रह उघडण्याआधी ते पाहा.

प्रबंधात शेवटी कोणतं नाव लिहू?

जाती नक्की असेल तर 'सिबिसिडॉयडीस व्युलरस्टॉर्फी' हे रूप मी वापरते. खोल समुद्राच्या समस्थानिक अभ्यासांत ते खूप रुळलं आहे, आणि आधीच्या नोंदींशी तुलना सोपी जाते. सिबिसिडीस किंवा प्लॅन्युलिना लिहिलं म्हणून कुणी नापास करू नये. मात्र तीन गोष्टी द्याच: मूळ लेखक आणि साल कंसासह, तुम्ही कोणाची वंशव्याख्या पाळता ते एका ओळीत, आणि तिन्ही अंगांचे फोटो. सध्या मान्य मानलेलं रूप सागरी जातींच्या जागतिक नोंदवहीत पाहा आणि पाहिल्याची तारीख लिहून ठेवा, कारण तिथली नोंदही बदलते.

खात्री नसेल तर नाव ओढूनताणून लावू नका. कवच एखाद्या जातीसारखं वाटतं पण नक्की सांगता येत नाही, तेव्हा 'सीएफ.' लिहा. जवळचं आहे पण वेगळं आहे, तेव्हा 'एएफएफ.' लिहा. वंशापलीकडे जाता येत नसेल तर 'एसपी.' पुरे. मोजणीचा तक्ता भरलेला दिसावा म्हणून प्रत्येक कवचाला पूर्ण नाव देणारे प्रबंध मी तपासले आहेत. त्यांतली निम्मी नावं फोटोशी जुळत नव्हती, आणि विद्यार्थ्याची दोन वर्षांची मेहनत पुन्हा मोजण्यात गेली.

स्लाईडवर काय लिहून ठेवायचं?

गाभ्याचं नाव, खोलीचा अंतराल सेंटिमीटरमध्ये, चाळणीचा आकार, जाती, तारीख आणि वेचणाऱ्याचं नाव. समस्थानिकांसाठी कवचं देण्याआधी निदान दोन-तीन नमुने स्लाईडवर राखून ठेवा. मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये कवच आम्लात विरघळतं. नंतर शंका आली तर पाहायला काहीच उरत नाही.

गुहागरच्या किंवा कोलव्याच्या वाळूत सापडेल का?

व्युलरस्टॉर्फी नाही. ती साधारण हजार मीटरपेक्षा खोल पाण्यातली. पण किनाऱ्याची ओंजळभर वाळू गोड्या पाण्यानं धुऊन, वाळवून भिंगाखाली धरलीत, तर अमोनिया, एल्फिडियम आणि क्विंक्वेलोक्युलिना यांची कवचं भेटतील. अमोनियाचं कवचही एका बाजूनं सगळी वेटोळी दाखवतं आणि दुसऱ्या बाजूनं फक्त शेवटचं. सर्पिल बाजू आणि नाभीची बाजू ओळखायचा सराव त्याच्यावर करा. पन्नासेक कवचं उलटून झाली, की खोल समुद्राचा ट्रे समोर आल्यावर हात आपोआप कवच फिरवून बघतो.